विचारणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही

४, सोमवार

आज सकाळी इथे पोचल्यावर मी पहिलं काम केलं ते खिडकी पुसायचं. सामान दारातच होतं, बूटही काढले नव्हते. पण खोलीतली ती एकुलती एक खिडकी इतकी मळलेली होती की बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय तेच कळेना. जुना बनियन ओला करून काच लख्ख केली तेव्हा आवार दिसलं, फाटक दिसलं आणि फाटकापाशी एक झाड, ज्याचं नाव मला माहीत नाही. मग कट्ट्यावर देवाचा छोटा फोटो ठेवला, हात जोडले आणि म्हटलं, आता आपण दोघं इथले.

पन्नाशीला टेकल्यावर नवी नोकरी मिळणं सोपं नाही, आणि तेही अशा दिवसांत. आमचा जुना कारखाना साथीच्या पहिल्या झटक्यातच बंद पडला. घरोघरी माणसं दारं लावून बसली आहेत. शीतगृहाला मात्र बंद पडून चालत नाही, म्हणून मला बोलावणं आलं. राहायचं इथेच, आवाराबाहेर पडायचं नाही, बाहेरून कुणी आत यायचं नाही. माल आणणारा ड्रायव्हर पेट्या शीतगृहाच्या दारापुढच्या चढणीवर उतरवून निघून जातो.

इथे मी आणि थोरले मिस्त्री, दोघंच. साठी उलटलेली, अंगाने काडी, आवाज मात्र ढोलासारखा. थोरले का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "इतकी वर्षं नुसताच थोरला होतो. आज धाकटा आला." मला माणूस आवडला.

ही वही लेकीने निघताना दिली. तिच्या कॉलेजातल्या एक बाई सगळ्यांना फोनवरून शिकवतात की एकटं पडल्यावर डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं. वेळेवर उठायचं, वेळेवर जेवायचं, रोज एका तरी माणसाशी बोलायचं, मनातलं कागदावर उतरवायचं. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही पहिली तीन कराल, चौथं करणार नाही, म्हणून वहीच देते. गावच्या शाळेत गुरुजींनी शुद्धलेखनासाठी हातावर मारलेल्या पट्ट्या अशा कामी येतील असं वाटलं नव्हतं.

७, गुरुवार

काम अंगवळणी पडतंय. बाहेरून पाहिलं तर हा एक मोठा पांढरा ठोकळा. आत एकच लांबलचक दालन, छतापर्यंत मांडण्या, त्यांवर गोठवलेल्या मटारांच्या, मक्याच्या, मासळीच्या पेट्या. हवा शून्याखाली वीस अंशांवर राहायला हवी. आत पेन चालत नाही, शाई थिजते, म्हणून तापमान पेन्सिलीने लिहितो. जाड कोटाच्या आतल्या खिशात पेन्सिल असते, आणि आता ही वहीसुद्धा. तिथेच हाताशी राहते. पेन्सिल चावायची सवय अजून गेलेली नाही. गुरुजींनी त्यासाठीही पुष्कळ मारलं होतं.

दालनाला एकच दार, वीतभर जाडीचं, कडेने रबर. उघडलं की धुकं पायांवर लोटतं. लावलं की कुणी श्वास सोडावा तसा आवाज होतो. आतल्या अंगाला एक मूठ आहे. कुणी आत अडकलंच तर ती ढकलून दार उघडतं. तिच्यावर हिम साचतं, ते रोज लाकडी हातोडीने झाडायचं. मुठीशेजारी लाल बटण, ते दाबलं की यंत्रांच्या खोलीत घंटा वाजते. मिस्त्री म्हणाले, माझ्या हयातीत वाजलेली नाही, वाजू नये. बाहेरच्या अंगाला लोखंडी दांडी आहे. ती आडवी टाकली की आतली मूठ निकामी. शीतगृह महिनोन्महिने बंद राहणार असेल तेव्हाच ती टाकायची, एरवी तिला हात लावायचा नाही.

आणि दार लावायची एक रीत आहे. एकाने दारात उभं राहून तीनदा विचारायचं, "आत कुणी आहे का?" दुसऱ्याने ओळींमधून फिरून यायचं. तो आत असेपर्यंत "आहे" म्हणत राहतो. बाहेर आला, सगळं रिकामं पाहिलं, की मग "कुणी नाही" म्हणतो. त्यानंतरच दार लागतं. मला हसू आलं. दोन माणसं, एकमेकांसमोर उभी, आणि विचारतायत कुणी आहे का. मिस्त्री हसले नाहीत. त्यांच्या तरुणपणी दुसऱ्या एका शीतगृहात एक हमाल आत राहिला होता. दारातल्याने विचारलं खरं, पण घाईत उत्तरही स्वतःच देऊन टाकलं.

"विचारणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही," मिस्त्री म्हणाले. "ते दुसऱ्याचं असतं. आपण घेतलं की दुसऱ्याची जागा गेली."

१०, रविवार

मोबाइल फक्त फाटकापाशी लागतो. यंत्रांच्या खोलीत तारेचा जुना फोन आहे, त्याचा नंबर हिला दिला. रोज संध्याकाळी ही फोन करते. जेवलात का, अंगावर घेता का, तोंडावर फडकं बांधता का. आणि शेवटी ठरलेला प्रश्न, मिस्त्री आहेत ना सोबत? हिचा थोरला भाऊ साथीच्या सुरुवातीलाच परगावी एका खोलीत एकटा गेला. शेजाऱ्यांनाही उशिरा कळलं. तेव्हापासून एकटा हा शब्द कुणी उच्चारला तरी हिच्या हातातलं काम थांबतं. मला नोकरीवर पाठवलं ते इथे दुसरा माणूस आहे म्हणूनच.

मिस्त्रींनी मागून ओरडून सांगितलं, वहिनी, तुमचा माणूस घोरतो. ही हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

१३, बुधवार

मिस्त्री गेले. घरून फोन आला, त्यांच्या पत्नीला ताप भरलाय. साहेबांनी फोनवरच परवानगी दिली. दोन-चार दिवसांत येतो म्हणाले. मी फाटकापर्यंत गेलो. झाडाचं नाव विचारायचं होतं, राहून गेलं.

संध्याकाळी हिने विचारलं, मिस्त्री आहेत ना? मी म्हटलं, आहेत, आंघोळीला गेलेत. देवाच्या फोटोसमोर उभा राहून कबूल केलं की खोटं बोललो, पण दोन-चार दिवसांचाच प्रश्न आहे. देव काही बोलला नाही. तो तसाही बोलत नाही, पण ऐकतो असं मला नेहमी वाटत आलंय.

दार लावताना अडचण झाली. तीनदा विचारलं. उत्तर द्यायला कुणी नाही. उभा राहिलो. धुकं बाहेर येत होतं, तापमानाचा काटा वर सरकत होता. शेवटी आवाज जरा जाड करून मीच म्हटलं, "कुणी नाही." दार लावलं.

१८, सोमवार

मिस्त्रींच्या घरचा फोन कुणी उचलत नाही. साहेब म्हणतात, दुसरा माणूस मिळणं सध्या अवघड, तुम्ही सांभाळून घ्या.

बाईंचे नियम पाळतोय. पहाटे उठून आवारात फेऱ्या मारतो. जेवण ताटात वाढून घेतो, पातेल्यातून खात नाही. रोज एका माणसाशी बोलायचं म्हणून ड्रायव्हरला हात केला. त्याने गाडीची काच वर केली. त्याचंही बरोबर आहे.

एक गोष्ट लिहायला हवी. हिला रोज मिस्त्रींच्या गमती सांगतो, आणि सांगण्याजोगं काही उरलं नाही म्हणून आता रचून सांगतो. आज सांगितलं की मिस्त्रींनी लग्नात मागून आणलेले बूट घातले, ते एक माप लहान. सगळ्या फोटोंत नवरदेवाचा चेहरा रडवेला. सासऱ्यांना वाटलं, जावई फार हळवा आहे. ही इतकी हसली की तिला ठसका लागला. लेकीला हाक मारून पुन्हा सांगायला लावलं. फोन ठेवल्यावर मीही एकटाच हसत बसलो. खोटं असलं तरी कुणाचं तरी पोट भरतंय असं वाटलं. माझंही.

२२, शुक्रवार

आज साहेबांनी कळवलं की मिस्त्री वारले. दोघंही, दोन दिवसांच्या अंतराने. त्याच फोनवर सांगितलं की उद्यापासून औषधाच्या पेट्या येतील, हवा एका अंशानेही वर जाता कामा नये, कितीतरी जणांचे जीव त्यावर आहेत.

फोटोसमोर दिवा लावला. ढोलासारखा तो आवाज आठवत राहिला. इतका आवाज जातो कुठे?

संध्याकाळी हिने विचारलं. मी म्हटलं, आहेत. आता कसं सांगू? ती म्हणाली, त्यांना म्हणावं, बुटांची गोष्ट मी शेजारणीलाही सांगितली.

२६, मंगळवार

आज दारात उभा राहून विचारलं, "आत कुणी आहे का?" मी जाड आवाजात उत्तर देणार, तोंड उघडलंच होतं, तोच आतून ऐकू आलं, "कुणी नाही."

पंख्यांचा आवाज असतो. भिंती गुळगुळीत आहेत, माझाच कालचा आवाज कुठेतरी घुटमळला असेल असंही मनात आलं; असं होत नाही हे मला ठाऊक आहे. पण लिहायचं तर खरं लिहावं. भीती नाही वाटली. बरं वाटलं. दिवसभरात कुणीतरी माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं.

२९, शुक्रवार

आता तो रोज उत्तर देतो. मी विचारतो आणि थांबतो. तो नीट, वेळेवर, कामाला पक्क्या माणसासारखा म्हणतो, कुणी नाही. आता दार लावण्याआधी मी जरा रेंगाळतो. आज काय शिजवलं, ड्रायव्हरने आज काच थोडी खाली केली, असं काहीबाही आत बघून बोलतो. त्याला तो काही म्हणत नाही. ऐकतो.

मिस्त्रींचा आवाज नाही हा. तेवढं मी ओळखतो. पण ओळखीचा आहे.

३१, रविवार

लेक म्हणाली, बाबा, तुम्ही हल्ली फोनवर लवकर आवरतं घेता. मी म्हटलं, काम असतं. काम नव्हतं. दार उघडायची वेळ झाली होती.

फाटकापाशी गेलो नाही. फेऱ्याही नाहीत. ताट काढलं नाही. खिडकीवर पुन्हा धूळ बसली आहे, पुसावीशी वाटत नाही. बाहेर बघून तरी काय करायचंय.

२, मंगळवार

आज विचारलं आणि तो म्हणाला, "आहे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. "आहे." दाराच्या अगदी जवळून नाही, लांबून, शेवटच्या ओळीकडून. दमलेला आवाज.

बॅटरी घेऊन आत गेलो. एकेक ओळ पाहिली. पेट्यांच्या मागे हात घालून पाहिलं. कुणी नाही. बाहेर येऊन दारात उभा राहिलो, विचारलं. "आहे."

काटा वर चढत होता. औषधं आत. माणूस आत आहे म्हणतोय. रीत सांगते, आहे म्हटलं की दार लावायचं नाही. औषधं सांगतात, लाव. मी देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि लावलं.

यंत्रांच्या खोलीत आलो आणि घंटा वाजायला लागली.

३, बुधवार

काल घंटा पुष्कळ वेळ वाजली. मी कानांवर हात धरून बसलो. मग आतून मूठ हलल्याचा आवाज आला, आणि मी पळत गेलो आणि दांडी टाकली. विचार केला नाही. हातांनीच टाकली. घंटा आणखी थोडा वेळ वाजली. मग थांबली.

सकाळी दांडी काढून उघडलं. आत कुणी नव्हतं. मुठीवर रोज बोटभर हिम असतं. आज नव्हतं. घासून घासून गुळगुळीत झालेली.

बाईंचा पाचवा नियम असेल तर तो ठाऊक नाही. लेकीला विचारायला हवं. पण विचारलं तर कळेल.

५, शुक्रवार

रोज तेच. आहे म्हणतो. मी लावतो. दांडी टाकतो. घंटा.

आता दांडी टाकायची सवय झाली आहे. हात आपोआप जातो.

जप करायला बसलो तर ओठ हलतात, आवाज निघत नाही. दिवसभर बोललो नाही म्हणून असेल.

८, सोमवार

आज हिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मला असं वाटायला नको की मीच रचलं.

ही म्हणाली, मिस्त्री फार मायाळू आहेत हो. तुम्ही दुपारी आत असता तेव्हा फोन केला की उचलतात. चार-पाच वेळा बोलले मी. म्हणतात, वहिनी, काळजी करू नका, मी आहे. मी विचारलं, काय बोलता तुम्ही दोघं. ती म्हणाली, काहीही. काल बुटांवरून त्यांना चिडवलं. ते बूट कुणाचे ते तुम्ही सांगितलंच नव्हतं. त्यांच्या भावाचे होते. भाऊ एका खोलीत एकटा गेला, दाराशी बूट तसेच होते, तेच घालून हे बोहल्यावर उभे राहिले. मला इतकं वाईट वाटलं, म्हणाली. अगदी आपल्या दादासारखं.

ती गोष्ट मी रचली होती. मिस्त्रींना ती ठाऊकच नव्हती. बूट कुणाचे ते मी ठरवलंच नव्हतं.

आवाज कसा आहे त्यांचा, मी विचारलं. ही म्हणाली, गंमतच आहे, आधी केवढा मोठा होता, आता बराचसा तुमच्यासारखा वाटतो. एकत्र राहून राहून झाला असेल.

९, मंगळवार

सांगितलं. सगळं. फाटकापाशी जाऊन मोबाइलवरून, म्हणजे तो ऐकणार नाही. मिस्त्री गेले, केव्हाच गेले, मी इथे एकटा आहे, तुला त्रास नको म्हणून बोललो नाही, आणि आता मला बरं वाटत नाही. हे शेवटचं सांगायला सगळ्यात जड गेलं. यंत्र बिघडलं तर लगेच सांगतो आपण. माणसाचं सांगायला एवढा उशीर का लावतो?

 मी हिचं रडणं ऐकण्याच्या तयारीने उभा होतो. ती रडली नाही. म्हणाली, "अहो, मग दुपारी माझ्याशी कोण बोलतं?"



मग ती घरातलं माणूस आजारी पडल्यावर बोलते तशा आवाजात बोलायला लागली. साहेबांना ती स्वतः फोन करेल. तिचा धाकटा भाऊ प्रवासाची कागदपत्रं करून उद्या गाडी घेऊन निघेल. तोवर मी आत पाऊल टाकायचं नाही. फाटकापाशी झाडाखाली बसायचं, मोबाइल हातात ठेवायचा, ती आणि लेक आळीपाळीने बोलत राहतील. लेकीने फोन घेतला आणि म्हणाली, बाबा, तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत. लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाली. मी झाडाखाली बसून रडलो. मोकळं वाटलं. झाडाचं नाव लेकीने मी पाठवलेला फोटो बघून सांगितलं. मी विसरलोही, पण विचारलं हे महत्त्वाचं.

१०, बुधवार, सकाळ

साहेबांचा फोन. बदली माणूस संध्याकाळी येईल, तेव्हा मेव्हण्याबरोबर खुशाल जा. फक्त औषधाच्या शेवटच्या पेट्या आत ठेवून दार लावून घ्या, एवढं एकच काम.

एकच काम. पेट्या चढणीवर उन्हात आहेत. ठेवून येतो. हिला सांगत नाही. नाही, सांगतो. सांगितलं. ती नको म्हणाली. मी म्हटलं, औषधं आहेत गं. ती म्हणाली, फोन चालू ठेवा.

आत रेंज नाही.

१०, दुपार

पेट्या ठेवल्या. बाहेर आलो. दारात उभा. विचारलं.

"आहे."

पुन्हा विचारलं. "आहे. पाय उचलत नाहीत."

इतकं तो कधी बोलला नव्हता.

मी आज इथून जाणार. दार लावून, दांडी टाकून, गाडीत बसून जाणार. आणि हा? आजवर रोज आहे म्हणाला आणि रोज मी त्याच्या तोंडावर दार लावलं. घंटा वाजवत राहिला आणि मी कान झाकून बसलो. दादा असाच गेला ना, दारामागे. कुणीतरी विचारलं असतं आणि ऐकलं असतं तर—

भास असेल तर आत काही नसेल. भास नसेल तर माणूस आहे. दोन्हीकडून आत जाऊन बघणं भाग आहे. एकदाच, शेवटच्या ओळीपर्यंत, हाताला धरून बाहेर आणायचं. मग दार. मग गाडी.

दाराखाली लाकडी ठोकळा घट्ट ठोकलाय. लावलं तरी लागणार नाही.

ठरवलं. जातो.

ठरवलं ते केलं. मी शेवटच्या ओळीत आहे. कुणी नाही. पेट्यांमागे भिंतीशी एक जागा आहे, तिथे हिम नाही. माणूस टेकून बसल्यावर जाईल तेवढीच जागा. खाली पेन्सिलीचं थोटूक. हिरवं. टोकाला दातांच्या खुणा.

माझी पेन्सिल माझ्या हातात आहे. हिरवी. अजून लांब आहे.

ठोकळा सरकल्याचा आवाज

दार लागलंय. मूठ ढकलली. ढकलतोय. हिम घासून गेलं, गुळगुळीत झाली, पण दांडी— दांडी बाहेरून—

घंटा दाबतो. इथून ऐकू येते. वाजतेय. कुणीतरी ऐकतंय. त्याच्या पावलांचा आवाज येतो. येत नाही इकडे. कान झाकून बसला असेल. मला माहीत आहे कसा बसला असेल.

बोटं वाकत नाहीत. पेन्सिल मुठीत धरून लिहितो. भिंतीशी टेकलो तर बरं वाटतं. पाय उचलत नाहीत.

देवा, मी सांगितलं होतं ना तिला. वेळेवर नाही, पण सांगितलं होतं.

फोन वाजला. बाहेर. त्याने उचलला. बोलतोय. हसतोय. हिच्याशी बोलताना मी हसतो तसा

गाडीचा हॉर्न. मेव्हणा. मोठ्याने म्हणतोय, चला दाजी, केवढे वाळलात. आणि तो म्हणतो, आलोच, दार तेवढं बघतो.

दारापाशी आला. विचारतोय. आत कुणी आहे का?

सगळा जीव एकवटून म्हटलं, आहे. तेव्हा ओळखला. हाच आवाज. इतके दिवस जो ऐकला तो हाच, असाच दमलेला, असाच लांबून

दुसऱ्यांदा विचारलं. आहे. आहे मी. आहे

तिसऱ्यांदा. थांबला. ऐकतोय. ऐकू येतंय त्याला, मला माहीत आहे की ऐकू येतं

आता जाड आवाजात म्हणतोय, कुणी ना